४ टीबीची इंटरनल हार्ड डिस्क घ्यायची आहे: साटा २, साटा ३, आरपीएम, कॅश... नेमकं बघायचं काय?

चोपडा_क्लिक (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

चोपड्यात आमचं लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम आहे. एडिटिंगचा डेस्कटॉप जुना आहे. एच६१ चिपसेटचा बोर्ड, आय५, आणि घेतल्यापासून तीच १ टीबीची हार्ड डिस्क. ती आता काठोकाठ भरलीय. लग्नसराई तोंडावर आली आणि फोर-के शूटिंग सुरू झाल्यापासून एकेका लग्नाचा डेटा शंभर-दीडशे जीबीच्या खाली येतच नाही.

४ टीबीची इंटरनल टाकावी म्हणून जळगावला चौकशी केली. एका दुकानात म्हणाले, नवीन डिस्क सगळ्या साटा ३ (साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत), तुमचा बोर्ड साटा २, तेव्हा आधी बोर्ड बदला. दुसऱ्याने सीसीटीव्हीची डिस्क पुढे केली, "हीच टाका, मजबूत असते." ऑनलाइन बघावं तर ५४०० आरपीएम (मिनिटाला फेरे), ७२०० आरपीएम, ६४ एमबी कॅश, २५६ एमबी कॅश, एकाच कंपनीच्या तीन-चार रंगांच्या डिस्क.

कोणत्या आकड्याला महत्त्व द्यायचं आणि कोणता सोडून द्यायचा, हे कुणी जाणकार सांगेल का? डेटा लोकांच्या लग्नाचा आहे. गेला तर परत शूट करता येत नाही.

---

एमएच_१८
रविवार, रात्री १०.१५

दुकानदार बरोबर बोलतोय भाऊ. साटा ३ ची डिस्क साटा २ वर लावली तर निम्म्याच स्पीडने चालणार. पैसे पूर्ण मोजायचे आणि काम अर्धं घ्यायचं. जमत असेल तर बोर्ड-प्रोसेसरच बदला.

---

जंक्शन_भुसावळ
रविवार, रात्री ११.०५

एमएच_१८ भाऊ, तुमचं म्हणणं एसएसडीपुरतं खरं आहे. फिरत्या डिस्कला ते लागू होत नाही. हिशोबच मांडतो, म्हणजे चोपडेकरांचा बोर्डाचा खर्च वाचेल.

साटामध्ये एक बाइट पाठवायला तारेवर ८ नाही, १० बिट जातात. म्हणून साटा ३ च्या ६ गिगाबिटचे सेकंदाला ६०० मेगाबाइट होतात, साटा २ च्या ३ गिगाबिटचे ३००, आणि २००३ साली आलेल्या पहिल्या साटाच्या दीड गिगाबिटचे १५०. ही झाली वायरची ताकद. आता डिस्कच्या आत जे फिरतंय ते किती देतं? ७२०० आरपीएमची चांगली ४ टीबी डिस्क बाहेरच्या कडेला सेकंदाला २०० एमबीच्या आसपास देते, ५४०० वाली त्याहून कमी. आणि डिस्क भरत भरत आतल्या ट्रॅकवर गेली की हा वेग जवळपास निम्म्यावर येतो, कारण आतल्या फेऱ्याची लांबीच कमी असते. म्हणजे वायर ३०० न्यायला तयार आहे आणि डिस्क २०० च देते. मग वायर ६०० ची केली तरी मोठ्या फाइलच्या कॉपीत काही फरक पडणार नाही.

साटा ३ ची डिस्क साटा २ च्या पोर्टवर विनातक्रार चालते. चालू होतानाच दोघं आपसात वेग ठरवून घेतात. प्लगही तोच, डेटाचा ७ पिनांचा आणि पॉवरचा १५ पिनांचा.

एच६१ ला कंपनीकडूनच साटा ३ नाही, चारही पोर्ट ३ गिगाबिटचे. काही बोर्डांवर वेगळी चिप लावून एखादा साटा ३ पोर्ट दिलेला असतो, पण त्याच्या मागे लागू नका.

जिथे खरोखर फरक पडतो ते सांगतो. विंडोज अजून त्या १ टीबीवरच असेल, तर एक छोटी २.५ इंची साटा एसएसडी घ्या आणि विंडोज व एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्यावर टाका. साटा २ वर ती सेकंदाला २७०-२८० एमबी देईल, साटा ३ वर ५५० दिले असते. पण एसएसडीचं खरं सुख हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) हलण्याची आणि प्लॅटर (डिस्कमधली तबकडी) फिरून येण्याची वाट बघावी लागत नाही यात आहे, आणि ते साटा २ वरही पुरेपूर मिळतं. ७२०० च्या डिस्कमध्ये हवा तो सेक्टर (डेटाचा छोटा तुकडा) हेडखाली यायला सरासरी ४.१७ मिलिसेकंद लागतात, ५४०० मध्ये ५.५६. हेड सरकायचा वेळ वेगळाच. छोट्या फाइल उघडताना मशीन रडतं ते यामुळे.

---

एमएच_१८
रविवार, रात्री ११.२०

हा हिशोब पटला. मी एसएसडीच्या अनुभवावरून बोललो होतो. मग ५४०० चालेल का ७२०० च घ्यावी?

---

जंक्शन_भुसावळ
सोमवार, सकाळी ८.३०

आरपीएमच्या आधी एक गोष्ट बघा, जी बॉक्सवर बहुतेक वेळा नसतेच. डिस्क सीएमआर आहे की एसएमआर. माझ्या मते चोपडेकरांनी एकच गोष्ट तपासायची ठरवली तर ती ही असावी.

डिस्कमध्ये लिहिणारं हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असतं. सीएमआरमध्ये प्रत्येक ट्रॅकला त्याची पूर्ण जागा मिळते. एसएमआरमध्ये जागा वाचवायला ट्रॅक कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. वाचताना अडचण नाही, वाचणारं हेड अरुंद असल्याने उघडी पट्टी त्याला पुरते. पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलावी लागतात, तसंच इथे मधल्या ट्रॅकवर काही बदललं की त्या पट्ट्यातले पुढचे ट्रॅकही नव्याने लिहावे लागतात. डिस्क हे काम लपवते. आलेला डेटा आधी एका साध्या राखीव भागात घेते आणि मोकळा वेळ मिळाला की नीट लावत बसते. थोडं थोडं लिहिलं तर कळतही नाही. पण तुम्ही रात्री बाराला वऱ्हाड उरकून येणार, तीन कॅमेऱ्यांची कार्डं एकापाठोपाठ रिकामी करणार, तेव्हा तो राखीव भाग भरतो आणि वेग २०-३० एमबीवर, कधी त्याहूनही खाली बसतो. माणसाला वाटतं डिस्क खराब निघाली.

२०२० साली यावरून मोठा गवगवा झाला होता. नॅससाठी (नेटवर्कवरचा साठवणीचा डबा) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्याचं उघड झालं आणि त्यानंतर कंपन्यांनी कोणतं मॉडेल सीएमआर, कोणतं एसएमआर याच्या याद्या आपल्या साइटवर टाकल्या. तेव्हा दुकानात गेल्यावर रंग बघू नका. डिस्कच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, मोबाइलमध्ये उतरवा आणि कंपनीच्या यादीत शोधा. शेवटची दोन-चार अक्षरं बदलली की आतली डिस्क बदलते, वरचं नाव तेच राहतं.

कॅशचं, म्हणजे डिस्कमधल्या तात्पुरत्या मेमरीचं म्हणाल तर २५६ एमबी बघून हुरळू नका. बऱ्याच एसएमआर डिस्कवर मोठी कॅश मुद्दाम दिलेली असते, कारण अशा डिस्कला कॅशची गरजच जास्त. ६४ एमबीची सीएमआर तुमच्या कामाला तिच्यापेक्षा चांगली.

आता आरपीएम. विंडोज एसएसडीवर गेलं की ५४०० ची सीएमआर साठवणीला पुरेशी आहे, आणि ती गरम कमी होते. टाइमलाइन थेट याच डिस्कवरून चालवणार असाल तर ७२०० घ्या.

---

जुना_पांझरा
सोमवार, सकाळी ९.१०

कितलं भारी सांगेल शे भाऊ. मना घर बी तोच बोर्ड शे.

सीसीटीव्हीच्या डिस्कचं पण सांगा. धुळ्यात सगळीकडे तीच देतात, साधी डेस्कटॉपची मागितली तर "मागवावी लागेल" म्हणतात.

---

जंक्शन_भुसावळ
सोमवार, दुपारी २.००

सीसीटीव्हीची डिस्क वाईट नसते. ती चोवीस तास चालायच्या हिशोबाने बनवलेली असते आणि डेस्कटॉपमध्ये लावली तर साध्या साटा डिस्कसारखीच चालते. डीव्हीआरमध्ये (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डबा) ती रेकॉर्डिंग थांबू नये म्हणून चुकलेल्या सेक्टरवर फार वेळ घालवत नाही, एखादी फ्रेम गेली तरी पुढे जाते. हे वागणं डीव्हीआर खास कमांड देतो तेव्हाचं आहे, विंडोज त्या कमांड देत नाही. मॉडेल सीएमआर असेल आणि भाव बरा असेल तर घ्यायला हरकत नाही. "मजबूत" एवढ्या एका शब्दावर मात्र घेऊ नका.

सावध राहायचं ते ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या सर्व्हरच्या जुन्या डिस्कपासून. त्यात दोन अडचणी येतात. पहिली, ती सॅस (सर्व्हरमधली जोडणीची पद्धत) निघू शकते. बघायला साटासारखीच, पण साटा डिस्कच्या मागे डेटा आणि पॉवरच्या पट्टीमध्ये जी फट असते ती सॅसमध्ये भरलेली असते आणि त्यावरही पिना असतात. साटाची वायर त्यात बसतच नाही. साटा डिस्क सॅसच्या कार्डवर चालते, उलटं चालत नाही. दुसरी, डिस्क साटा असूनही फिरत नाही. पॉवरच्या तिसऱ्या पिनवर पूर्वी ३.३ व्होल्ट यायचे, नव्या नियमात त्या पिनवर व्होल्टेज आलं की डिस्कने बंद राहायचं असं ठरलं. जुन्या एसएमपीएसवर (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) अशी डिस्क मेल्यासारखी पडून राहते. त्यात बिघाड काहीच नसतो.

---

एमएच_३९
सोमवार, सायंकाळी ६.४५

धाग्यात थोडा घुसतो, माफ करा. मी शहाद्याचा, कॉलेजला आहे. लॅपटॉपसाठी एम.२ एसएसडी मागवली, स्लॉटमध्ये बसली पण बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसत नाही. डिस्कच्या टोकाला दोन खाचा आहेत. खराब आली का?

---

जंक्शन_भुसावळ
सोमवार, सायंकाळी ७.२०

बहुतेक खराब नाही. एम.२ हे फक्त आकाराचं आणि खोबणीचं नाव आहे. त्या खोबणीतून साटाही जातं आणि पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारं एनव्हीएमईही. दोन खाचा असलेली एसएसडी बहुतेक वेळा साटाची असते, एक खाच असेल तर सहसा एनव्हीएमई. तुमच्या लॅपटॉपचा स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असणार. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून बघा, "एम.२ पीसीआयई" एवढंच लिहिलं असेल तर ही परत करा आणि एक खाचवाली मागवा. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, तेही जुळवून घ्या.

---

एमएच_३९
सोमवार, सायंकाळी ७.५०

हो दादा, "पीसीआयई" च लिहिलंय. रिटर्न टाकली. थँक्यू.

---

चोपडा_क्लिक (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९.३०

खूप आभार भुसावळकर दादा. बोर्ड बदलायचा विचार सोडला. एक छोटी एसएसडी आणि ४ टीबीची सीएमआर, असं ठरवलंय. एक कळलं नाही. मित्र म्हणतो जुन्या मशीनवर २ टीबीच्या वरची डिस्क पूर्ण दिसतच नाही. आणि बायोसमध्ये साटा मोड "आयडीई" दिसतोय, तो तसाच ठेवू का?

---

जंक्शन_भुसावळ
सोमवार, रात्री १०.४०

मित्राचं अर्धं बरोबर आहे. जुनी पार्टिशन पद्धत एमबीआर. ती सेक्टरचा पत्ता ३२ बिटांत लिहिते, सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून २ टीबीच्या पुढे तिला मोजताच येत नाही. ४ टीबी डिस्क एमबीआर केली की डिस्क मॅनेजमेंटमध्ये २०४८ जीबी वापरता येतात आणि उरलेले १६७८ जीबी काळ्या पट्टीखाली नुसते पडून राहतात. नवी डिस्क लावल्यावर विंडोज पहिल्यांदा विचारतं, एमबीआर की जीपीटी? तिथे जीपीटी निवडा. बायोस जुना असला तरी डेटा डिस्क म्हणून ६४ बिट विंडोजला जीपीटी चालते. त्या डिस्कवरून विंडोज चालू करायचं असेल तरच यूईएफआय (नव्या पद्धतीचा बायोस) लागतं, आणि तुमचं विंडोज एसएसडीवर असणार आहे.

पार्टिशन केल्यावर विंडोज ३.६३ टीबी दाखवेल. दुकानदाराशी भांडू नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

आयडीई मोड बदला, एएचसीआय करा. आयडीई मोडमध्ये डिस्कला एका वेळी एकच काम सांगता येतं. एएचसीआयमध्ये ३२ पर्यंत कामं रांगेत देता येतात आणि डिस्क हेडच्या वाटेवर येतील तशी ती उरकते. एसएसडीवर विंडोज नव्याने टाकणार असाल तर आधी बायोसमध्ये मोड बदलून मगच टाका. आहे तेच विंडोज ठेवायचं असेल तर आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या, मग सेफ बूट काढा. सरळ बायोसमध्ये बदललं तर निळी स्क्रीन येऊ शकते.

आणि आता आपल्या खान्देशचं. वेबसाइटवरच्या तुलनांमध्ये हे कुणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक डिस्कला ६० अंशांपर्यंत चालायची मुभा कंपनीने दिलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत रात्रीसुद्धा ३८-४०. बंद कॅबिनेटमधली डिस्क खोलीपेक्षा १०-१५ अंश वर असते. म्हणजे सीझनमध्ये, सगळ्यात जास्त काम असतं तेव्हाच, ती काठावर चाललेली असते. पुढच्या जाळीमागे १२० मिमीचा एक पंखा लावा, त्याची हवा थेट डिस्कवर यायला हवी. दोन डिस्क असतील तर मधला एक खण रिकामा ठेवा. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या बाजूला राहणाऱ्यांनी ती जाळी वरचेवर साफ करावी, तंतू बसून ती नमद्यासारखी होते.

डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असतं, शेजारी "झाकू नका" अशा अर्थाचं लिहिलेलं. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते फिल्टरसह दिलेलं असतं. माझ्याकडे आलेल्या एका डिस्कवर दुकानाचं वॉरंटी स्टिकर बरोबर त्या भोकावर चिकटवलेलं होतं. स्टिकर लावायचंच तर बाजूला लावून घ्या.

लाइटचं तर आपल्याला माहीतच आहे. वीज अचानक गेली की डिस्क फिरत्या मोटरच्या उरलेल्या जोरावर तयार होणाऱ्या विजेने हेड जागेवर नेते. हेड वाचतं, पण कॅशमध्ये असलेला, प्लॅटरवर न उतरलेला डेटा जातो. कार्ड कॉपी होताना गेली तर फाइल अर्धवट राहते आणि तुम्ही कार्ड फॉरमॅट करून बसलेले असता. यूपीएसची बॅटरी या सीझनआधी बदलाच. आणि कॉपी झाल्यावर दोन-तीन क्लिप शेवटपर्यंत चालवून बघितल्याशिवाय कार्ड रिकामं करू नका.

---

अमळनेरचे_नाना
मंगळवार, सकाळी ७.१५

छान माहिती मिळते आहे. माझ्याकडे रुंद पट्टीच्या वायरीची जुनी डिस्क आहे, त्यात घरचे फोटो आहेत. आजच्या संगणकावर निघतील का?

---

जंक्शन_भुसावळ
मंगळवार, सकाळी ८.४०

नाना, ती आयडीई डिस्क, ४० पिनांची. आयडीई ते यूएसबी असा कन्व्हर्टर मिळतो, सोबत त्याचा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या, नुसत्या यूएसबीच्या पॉवरवर ही डिस्क फिरत नाही. डिस्कच्या मागे बारीक टोपी घातलेल्या पिना असतील. ती टोपी "मास्टर"च्या जागी हवी, जागा लेबलवर छापलेली असते. डिस्क वर्षानुवर्षं बंद असेल तर एकदा फिरली की आधी फोटो कॉपी करा, बाकी काही उघडत बसू नका.

---

सातपुडा_पायथा
मंगळवार, दुपारी १२.३०

यावलहून. एक भर घालतो. एसएमपीएसला साटा पॉवरचं टोक कमी पडलं की दुकानात जुन्या चार पिनांच्या टोकावरून साटा करणारा तुकडा देतात. वायरी प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेला असेल तर घेऊ नका, आत वायरी एकमेकींना टेकून ते टोक जळतं. प्रत्येक वायर वेगळी दाबून बसवलेली दिसते तो घ्या. आमच्याकडे केळी पट्ट्यात व्होल्टेज खालीवर होतं तेव्हा हे जास्त महत्त्वाचं.

---

जंक्शन_भुसावळ
मंगळवार, दुपारी १.१०

शंभर टक्के. डेटा वायरही क्लिपवाली घ्या आणि कॅबिनेटचं झाकण लावताना ती दुमडू देऊ नका. डिस्कच्या बाजूची एल आकाराची जीभ नुसत्या प्लास्टिकची असते, वायर वरच्या बाजूला ओढली की तुटते.

---

चोपडा_क्लिक (धागाकर्ता)
शनिवार, सायंकाळी ५.५०

मंडळी, बसवली. मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत बघून सीएमआरच घेतली, ५४०० ची. जीपीटी केली, ३.६३ टीबी दिसते. एसएसडीवर विंडोज नव्याने टाकलं, मशीन ओळखू येत नाही.

दोन शंका. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) नव्या डिस्कसमोर "साटा/३०० | साटा/६००" असं येतंय, हे बरोबर ना? आणि जुनी १ टीबी पिवळी "कॉशन" दाखवतेय. सी५ समोर शेवटी ८ आहे, सी७ समोर १ए.

---

जंक्शन_भुसावळ
शनिवार, सायंकाळी ६.०५

पहिलं बरोबर आहे. डावीकडे सध्याचा जोड, उजवीकडे डिस्कची क्षमता.

दुसऱ्याकडे आत्ताच लक्ष द्या. ते आकडे हेक्समध्ये असतात, म्हणजे १ए म्हणजे २६. सी७ ही वायरवर झालेल्या चुकांची मोजणी. वायर बदलली तरी आकडा कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो, तेव्हा त्याची चिंता नको. सी५ मात्र म्हणजे जे सेक्टर वाचता येईनात आणि डिस्कने वाट बघायला ठेवलेत ते. आठ म्हणजे बहुधा ४ केबीचा एकच खरा सेक्टर, कारण आठ ५१२ चे मिळून तो होतो. आज एक आहे, म्हणून आजच डेटा काढा. कॉपीच्या आधी चेकडिस्क चालवू नका, त्यात डिस्कला उगाच पूर्ण घासायला लागतं आणि तुटका फोल्डर जोडायच्या नादात फाइल जाऊ शकते. जी लग्नं अजून ग्राहकाला दिलेली नाहीत ती आधी घ्या, एक एक फोल्डर करून. सगळं एकदम ओढू नका.

---

चोपडा_क्लिक (धागाकर्ता)
शनिवार, सायंकाळी ६.२०

न दिलेली लग्नं आधी लावली आहेत. चालू आहे, अजून कुठे अडलेलं नाही.

---

जंक्शन_भुसावळ
शनिवार, सायंकाळी ६.२५

कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवून पंखा समोर लावा. एखाद्या फाइलवर अडलं तर ती "स्किप" करून पुढे जा आणि तिचं नाव इथे टाका. उरलेल्या फाइल सेक्टर सोडून सोडून कशा काढायच्या ते नंतर बघू.